आगीच्या विद्येचा हिशोब

जून महिना लागला कीं वर्सोव्याच्या किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवलेल्या दिसतात. मासेमारीबंदीच्या त्या दिवसांत कोळीवाड्यांतील आवक थांबते, आणि नेमक्या त्याच वेळीं बारावी उतरलेल्या मुलांच्या प्रवेशाचे पैसे भरावे लागतात. अशाच एका सायंकाळीं आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील आमच्याकडे आले. त्यांच्या हातांत एका खासगी संस्थेचें रंगीत माहितीपत्रक होतें. एका वर्षांत ‘फायर अँड सेफ्टी’चा डिप्लोमा, आणि वर नोकरीची हमी! फीसाठीं घरांतलें सोनें मोडावें असा त्यांचा बेत होता. “मास्तर, यानं पोराला बंबावर नोकरी लागंल ना?” एवढेंच त्यांनीं विचारलें.

आमच्यानें लगेच उत्तर देववेना. कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका पत्रकाच्या गुळगुळीत इंग्रजीवर भाळून आम्हीं एका विद्यार्थ्यास तो मार्ग दाखविला होता. त्याच्या वडिलांनीं कर्ज काढलें. पुढें भरतीच्या वेळीं त्या प्रमाणपत्रास कोणीं विचारलें नाहीं. तो आज एका मोठ्या दुकानांत भिंतीवरचीं अग्निशामक नळकांडीं पुसतो. वाटेंत भेटला कीं अजून नमस्कार करतो. तो नमस्कार आम्हांस फार बोचतो.

म्हणून या खेपेस आम्ही नाखवांस म्हणालों, “आठ दिवस थांबा, सोन्याला हात लावूं नका,” आणि चौकशीस लागलों.

पहिली गोष्ट ही कळली कीं, बंबावर चढण्यासाठीं पदवी लागतच नाहीं. २०२३ च्या आरंभीं मुंबई अग्निशमन दलानें दहिसर येथें ९१० जवानांसाठीं भरती घेतली, तिला बारावीचें शिक्षण पुरेसें होतें; खरी कसोटी उंचीची, धांवण्याची आणि उडीची. कलिन्यास राज्य सरकारचें प्रशिक्षण केंद्र आहे. तेथें अग्निशामकाचा अभ्यासक्रम सहा महिन्यांचा असतो. वर्सोव्याच्या मुलास तें घरच्यासारखेंच.

मग पदवी कशासाठीं? नागपूरचें राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ सालीं रामपूर येथें निघालें व पुढील वर्षीं नागपुरास आलें; तें केंद्रीय गृहखात्याच्या अधीन आहे. तेथील पदवी चार वर्षांची. पाण्याचा दाब, पंपांची रचना, ज्वलनाचें रसायन, इमारतींचें बांधकाम, हें सर्व त्यांत येतें. ज्यास महानगरपालिकेंत, विमानतळावर, बंदरांत किंवा माहुलसारख्या ठिकाणच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत अधिकारी व्हावयाचें आहे, त्यास ही विद्या हवी. शिवाय महाराष्ट्रांत २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानें उंच इमारती, रुग्णालयें इत्यादींच्या मालकांवर बंधन घातलें आहे कीं, आगीची साधनें चालू स्थितींत असल्याचें प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून वर्षांतून दोनदां, जानेवारींत व जुलैंत, घ्यावें. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत जे मनोरे उठत आहेत ते पाहतां हें काम लवकर सरेल असें वाटत नाहीं. (मात्र कागदावर सही करून साधनें न पाहणारेही असतात. आमचा विद्यार्थी त्यांत नसावा.)

परंतु खर्चाच्या बाजूस फीबरोबर वसतिगृह, जाण्यायेण्याचें भाडें आणि चार वर्षें बुडणारी कमाईही मांडली पाहिजे. जवान होणारा मुलगा तोंवर घरीं पगार आणूं लागलेला असेल. शुभवर्तमानांतील बुरूज बांधणाऱ्यानें आधीं बसून खर्च मोजावा, हें आम्ही वर्गांत शिकवितों. त्या रात्रीं दिव्याखालीं वही घेऊन नाखवांसह तेंच केलें.

मुलाची आई तोंवर दाराशीं गप्प बसली होती. ती म्हणाली, “साहेब झाला म्हंजे आगीत जावं लागणार नाय ना?” येथें खोटें बोलणें आम्हांस शक्य नव्हतें. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबई बंदरांत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला तेव्हां ६६ बंबवाले कामीं आले, हें तिनें सासऱ्याच्या तोंडून ऐकलेंच होतें. आम्हीं तिला २०१५ सालच्या मे महिन्यांतील काळबादेवीची आग सांगितली. त्या आगीनें दलाच्या चार अधिकाऱ्यांचा बळी घेतला, आणि त्यांत खुद्द दलप्रमुख होते. ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, “दर्यावर जातो तवा बी आमी वाट बघतोच.”

मुलास गणित बरें येतें, आणि यंत्रांची त्यास मनापासून आवड आहे. होडीचें इंजिन तो स्वतः उघडतो. त्याचें मत पडलें नागपूरचें. आम्हीं बजावलें कीं प्रवेश न मिळाल्यास कलिना किंवा दलाची भरती हाच मार्ग, खासगी डिप्लोमा नव्हे. आणि अर्ज करण्यापूर्वीं उंची व डोळे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. सोनें तूर्त डब्यांतच राहिलें. तें माहितीपत्रक नाखवा आमच्या मेजावर विसरून गेले.

उंबरठ्यावर आई पुन्हा मागें वळली. “मास्तर, नागपुरात ताजी मासळी भेटते का?”