डावीकडची चटणी

नाशिक,
रविवार, दुपार

प्रिय वहिनी,


परवा फोनवर तू दादाबद्दल म्हणालीस, "पेपरातली बारीक जाहिरात वाचतात, आणि पायाशी ठेवलेला तांब्या लाथेने उडवतात. लक्षच नसतं यांचं." फोन ठेवला, पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. अगदी हेच आई अण्णांना म्हणायची.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा अण्णांच्या हातात काठी आलेली होती. त्याआधीची वर्षं तू पाहिली नाहीस. आईला सुईत दोरा ओवून द्यायचे ते, आणि तेच अण्णा माजघरातून बाहेर येताना चौकटीला खांदा घासून घ्यायचे. बाजूने कोणी आलं की दचकायचे. संध्याकाळी अंगणाच्या पायरीवर अडखळायचे. आम्ही आधी वेंधळेपणा म्हणालो, मग म्हातारपण म्हणालो. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, तर घरात सगळ्यांनी ऐकला मोतीबिंदू! "पिकला की काढून टाकू," म्हणत दीड वर्ष गेलं. थेंब दिले होते, ते "काही फरक पडत नाही" म्हणून बाटली संपल्यावर आणलेच नाहीत.

वहिनी, दोन्ही नावांत बिंदू आहे एवढंच साम्य. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून कृत्रिम भिंग बसवलं की बहुतेकांना पुन्हा छान दिसू लागतं. आपल्या देशात आंधळेपणाचं सर्वांत मोठं कारण अजूनही तोच आहे, आणि त्यावर इलाज आहे. काचबिंदूत मात्र डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस झिजत जाते, बहुतेक वेळा डोळ्याच्या आतला दाब वाढल्यामुळे. बहुधा दुखत नाही, खुपत नाही. आणि गेलेली नजर कुठल्याही ऑपरेशनने परत येत नाही. थेंब असतात ते उरलेली नजर राखायला. फरक जाणवला नाही, याचा अर्थ थेंब निरुपयोगी होते असा नव्हता. हे आम्हाला कळलं तेव्हा अण्णांची एक बाजू गेलेली होती.

ही नजर जाते ती बहुधा काठाकडून. मधलं शेवटपर्यंत राहतं, म्हणून पेपर वाचता येतो, सुई ओवता येते. कडेला काळं काही दिसत नाही, जे नाही ते मेंदू भरून काढतो. एका डोळ्याचं दुसरा सांभाळून घेतो. त्यामुळे माणसाला स्वतःलाच कळत नाही, आणि घरच्यांना तो निष्काळजी वाटतो. दादाला काचबिंदू असेलच असं मी म्हणत नाही. पण आई-वडिलांपैकी कोणाला असला तर मुलांना धोका जास्त असतो. मी चाळिशीपासून दरवर्षी तपासून घेते. दादाने "मला स्वच्छ दिसतंय" म्हणून टाळलं. नुसती अक्षरं वाचायला लावून चष्म्याचा नंबर काढतात, त्यात हे सापडत नाही. डोळ्याचा दाब, नस आणि फील्ड टेस्ट, तिन्ही करून घे. फील्ड टेस्टमध्ये समोर एका जागी बघत राहायचं आणि कडेला बारीक दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. एवढंच. शिवाय दादाला साखर आहे, तेव्हा डोळ्याच्या आतला पडदाही बघायला सांग. मधुमेहाने पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, त्याचाही सुरुवातीला पत्ता लागत नाही.

मला सगळ्यात जास्त काय लागतं सांगू? आम्ही अण्णांवर विश्वास ठेवला नाही. दिसतं किंवा दिसत नाही, या दोनच गोष्टी आम्हाला माहीत होत्या. या दोन्हींच्या मध्ये कितीतरी माणसं जगतात. बसमध्ये राखीव जागेवर बसून मोबाइल बघणाऱ्या पोराला लोक ढोंगी म्हणतात, ते यातूनच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर स्पष्ट लिहिलं आहे: नजरेचा तक्ता वाचता येत असला, तरी दिसण्याचा घेर ४० अंशांपेक्षा कमी असेल तर ती अल्पदृष्टी, आणि १० अंशांपेक्षाही कमी असेल तर अंधत्व. कायद्याला जे समजलं ते घरात समजायला काय हरकत आहे?

एक आठवण तुला सांगायचीच राहिली होती. शेवटच्या वर्षांत आई अण्णांचं ताट फार जपून वाढायची. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटीची वाटी. मध्ये भात. सणावाराला वाढतो तसंच, रोज. अण्णा न चाचपडता जेवायचे. एकदा मी घाईत चटणी उजवीकडे वाढली. अण्णांनी भाजी म्हणून मोठा घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, पण बोलले काहीच नाहीत. पाण्याचा पेला शोधत हात ताटाच्या कडेने फिरत राहिला. तो हात मला अजून दिसतो.

म्हणून तपासणी होईपर्यंत एवढं कर. तांब्या, स्टूल, चपला वाटेत नकोत. एकदा ठरवलेली जागा बदलायची नाही. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी चिकटव. पांढऱ्या बशीत दहीभात देऊ नकोस, रंगीत बशी घे. बाजूने हाक न मारता समोर येऊन बोल. आणि पुढे काय, म्हणून घाबरू नकोस. १९५२ साली मुंबईत सुरू झालेल्या 'नॅब' या अंधांसाठीच्या संस्थेचं काम इथे नाशकातही आहे. काठी घेऊन एकट्याने कसं चालायचं हे रीतसर शिकवता येतं. आता तर फोनही पडद्यावरचं वाचून दाखवतो. अण्णांच्या वेळी यातलं काही आम्ही विचारलंच नाही.

थेंब सुरू झालेच तर ते दादावर सोपवू नकोस. एक थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा. दुसरी बाटली असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. मी रोज रात्री साडेनऊला फोन करीन, आणि आधी थेंबांचंच विचारीन.

गुरुवारी सकाळच्या गाडीने येते. तपासणीला तिघं मिळून जाऊ.

तुझी,
ताई