नाना, अशोक आणि मी

बँकेच्या कॅश काउंटरवर वीस वर्षं बसलेल्या माणसाला जगातले दोनच प्रश्न ठाऊक असतात. 'सुट्टे आहेत का?' हा तो विचारतो, आणि 'हे कुठं भरायचं?' हा त्याला विचारला जातो. दुसऱ्याचं माझं उत्तर ठरलेलं आहे : "वर पाटी लावलीय, वाचा की!" हे मी मान वर न करता म्हणतो. परंड्याकडचा एखादा म्हातारा स्लिप हातात धरून पाटीकडे बघतो, मग माझ्याकडे, मग पुन्हा पाटीकडे. पाटी त्याला काही सांगत नाही आणि मीही सांगत नाही. दोघांत पाटी जरा बरी. ती निदान खेकसत नाही.

असा हा माणूस 2024 साली बँकॉकला गेला.

त्याचं असं झालं, 2023 च्या नोव्हेंबरात थायलंडने भारतीयांना व्हिसा माफ केला. धाराशिव जिल्ह्यातल्या बँकवाल्यासमोर 'माफी' म्हटलं की त्याला कर्जमाफीच दिसते आणि त्याच्या पोटात गोळा येतो. पण आयुष्यात पहिल्यांदाच माफीच्या यादीत आमचं नाव लागलं होतं. सौ. म्हणाली, "पुन्हा नाव लागेल न लागेल, चला!" सोलापूरच्या एका सहलवाल्याबरोबर निघालो. चार दिवस गाइडच्या झेंड्यामागून मेंढरांसारखे हिंडलो. पाचवा दिवस मोकळा होता. गाइडने प्रत्येकाला हॉटेलचं थाई लिपीतलं कार्ड दिलं. मी घेतलं नाही. "आकडे माझ्या डोक्यात राहतात," मी म्हणालो. सौ.ने आपलं कार्ड पर्समध्ये, तुळजाभवानीच्या अंगाऱ्याच्या पुडीशेजारी ठेवलं.

या शहराविषयी मला पहिल्यापासून आपुलकी वाटली, कारण आमच्या गावासारखी त्यालाही दोन नावं आहेत. जगाला ते बँकॉक, तिथल्या लोकांना क्रुंग थेप, म्हणजे देवांची नगरी. आमचं गाव निजाम मीर उस्मान अलींच्या नावाने उस्मानाबाद झालं आणि 2023 साली सरकारी कागदावर पुन्हा धाराशिव झालं, तरी एसटीतला शेजारी अजून विचारतोच, "उस्मानाबादला उतरायचं ना?" क्रुंग थेप हेसुद्धा नुसतं हाक मारायचं नाव. पूर्ण नाव सत्यनारायणाच्या संकल्पाएवढं लांब. हे नगर इंद्राने दिलं आणि विश्वकर्म्याने बांधलं, इथपर्यंत सगळी नोंद त्यात आहे. आमच्या पासबुकात ते नाव मावायला पुरवणी जोडावी लागेल.

सकाळी आम्ही सेन सेप नावाच्या कालव्यावरची बोट धरली. हा कालवा 1837 सालापासूनचा. रस्त्यावर मोटारी तुंबलेल्या असतात, म्हणून शहाणे लोक कचेरीला बोटीने जातात. बोट धक्क्याला टेकते न टेकते तोच सुटते. कंडक्टर बोटीच्या बाहेरच्या कडेवरून, बांधावरच्या शेळीसारखा, हेल्मेट घालून पैसे गोळा करत फिरतो. हेल्मेट घातलेला कॅशियर मी प्रथमच पाहिला. महिन्याच्या एक तारखेला आम्हालाही ते द्यायला हरकत नाही. माझ्यापुढे एक दोरी लोंबत होती. रेल्वेच्या साखळीसारखी ओढली तर दंड होईल, म्हणून मी हात लावला नाही. समोरून दुसरी बोट आली आणि सगळ्यांनी आपापल्या दोऱ्या ओढल्या. तेव्हा कळलं, की ती पाणी अडवायचा प्लॅस्टिकचा पडदा वर घ्यायची दोरी आहे. ते कळलं तेव्हा सौ.ची साडी निम्मी भिजली होती. त्या पाण्याचा वास वर्णन करण्यासारखा नाही आणि त्यानंतर ती जे बोलली तेही नाही.

परतताना बोटीचं नाव काढायची सोय नव्हती. स्कायट्रेन धरली. रस्त्याच्या डोक्यावरून खांबांवर धावणारी ही गाडी 1999 सालापासून आहे. डब्यातला नकाशा वाचला आणि घरी आल्यासारखं वाटलं. एका स्टेशनाचं नाव 'नाना', पुढच्याचं 'अशोक'! आमच्या बँकेतही पासबुकाच्या टेबलावर नाना आणि कर्जाच्या टेबलावर अशोक असे शेजारी शेजारी बसतात. तीन वर्षं त्यांचं बोलणं बंद आहे. इथे त्यांच्यात दर काही मिनिटांनी गाडी जात होती. नाना हे गुजरातेतून तिकडे गेलेल्या एका घराण्याचं आडनाव, हे मागाहून कळलं.

"आपली गल्ली 13 नंबरची. नानाला उतरायचं," मी जाहीर केलं.

फलाटावर उतरलो आणि एका गणवेशवाल्याला विचारलं, "गल्ली नंबर तेरा?" तो ढिम्म. दुसऱ्याला विचारलं, तोही ढिम्म. मान वळवून पाहतो तो अख्खा फलाट पुतळ्यासारखा उभा. माझ्या इंग्रजीने माणसं हतबुद्ध होतात हा अनुभव जुना, पण एवढी एकदम कधी झाली नव्हती. सौ.ने कोपरापाशी चिमटा काढला. "गप उभे राहा. राष्ट्रगीत लागलंय." तिथे सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला ते वाजतं आणि माणसं जागच्या जागी थांबतात.

खाली सुखुमवित रस्ता. एका बाजूला विषम आकड्यांच्या गल्ल्या, दुसऱ्या बाजूला सम. जमा आणि नावे! कॉमर्सच्या पदवीधराला यापेक्षा काय हवं? पण दोन्ही बाजू कुठेच जुळत नाहीत. 21 च्या समोर 22 असावी ना? तिथे 16 च्या आसपासची निघते. असला ताळेबंद आमच्याकडे कुणी आणला असता तर त्याच्यावर चौकशी बसली असती.

तेरा नंबरची गल्ली दोनदा पालथी घातली. हॉटेल नाही. अंधार पडला. समोरच्या पाट्यांवर जिलब्या मांडलेल्या. थाई लिहिताना दोन शब्दांत जागासुद्धा सोडत नाहीत. बोलावं तर त्या भाषेत पाच सूर, सूर चुकला की शब्द बदलतो, आणि माझा सूर शाळेतल्या प्रार्थनेपासून चुकलेला. एम्. कॉम. झालेला मी पाटीकडे बघत होतो, मग माणसांकडे, मग पुन्हा पाटीकडे. असं बघणारा माणूस आपण कुठे तरी पाहिलाय, असं वाटत राहिलं.

कोपऱ्यावर एक बाई गाडीवर कैरी-पेरूच्या फोडी विकत होती. सौ. सरळ तिच्याकडे गेली, कार्ड काढलं आणि शुद्ध मराठीत म्हणाली, "मावशी, बघा बरं, इथं जायचंय आम्हाला." मावशीने कार्ड वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसली. मग फडक्याला हात पुसून तिने सौ.चं मनगट धरलं आणि चालू लागली. मी मागे वळून पाहिलं. गाडीवर पैशाचा डबा तसाच, नोटा वाऱ्याने हलताहेत! काउंटर सोडून जायचं, तेही कॅश उघडी टाकून! आमच्याकडे एवढ्यावर नोकरी जाते. मोठ्या रस्त्यापर्यंत येऊन तिने टॅक्सी थांबवली, ड्रायव्हरला कार्ड वाचून दाखवलं, मीटर टाकायला लावला आणि पैसे देऊ लागलो तर हात जोडून परत फिरली.

गल्ली 31 नंबरची होती. आकडे उलटे लिहिले गेले की फरकाला 9 ने भाग जातो, हे मी दर नवीन कारकुनाला शिकवतो. एकतीस वजा तेरा, अठरा. भाग बरोबर गेला. सौ.ला हे सांगितलं नाही.

रजा संपवून सोमवारी काउंटरवर बसलो. परंड्याचे बाबा आलेच. "सायेब, ह्ये कुटं द्यायचं?" 'वर पाटी' इथपर्यंत शब्द ओठावर आले. मान वर करून पहिल्यांदाच ती पाटी पाहिली. इंग्रजी, हिंदी, मराठी, तिन्ही भाषांत सुबक लिहिलेली. बाबांना तिन्ही थाई.

मी उठलो. आधी नोटा मोजल्या, ड्रॉवरला कुलूप लावलं, ओढून पाहिलं, किल्ली खिशात टाकली. त्या मावशीएवढं मन व्हायला अजून अवकाश आहे. रांग कुरकुरली. केबिनमधून मॅनेजर ओरडले, "कॅश सोडून कुठं निघालात?"

"बाबांना नानापर्यंत सोडून येतो," मी म्हणालो.