सोळा, सतरा की अठरा?

जुनी साडेतीनशेची बुलेट दुरुस्तीला आली की गिऱ्हाईक हमखास विचारतं, "मिस्त्री, पुढचं स्प्रॉकेट अठराचं टाकलं तर गाडी किती पळेल?" मी आधी त्याचा रोजचा रस्ता विचारतो. साताऱ्याहून हायवेने पुण्याला जाणारा आणि मेढ्यावरून महाबळेश्वर गाठणारा, दोघांना एकच उत्तर देणं मला पटत नाही.

या चार गिअरच्या गाडीचा हिशेब पाठच झालाय. क्रँकवर 25 दाते, क्लचवर 56. म्हणजे प्रायमरी चेनमध्येच इंजिनाच्या 2.24 फेऱ्यांचा एक फेरा होतो. टॉपमध्ये गिअरबॉक्स त्यात काही ढवळाढवळ करत नाही, सरळ एकास एक. त्यापुढे 17 आणि मागच्या चाकाला 38. गुणून बघा, इंजिनाचे पाच फेरे आणि चाकाचा एक. पहिल्या गिअरचे 2.78 त्यात धरले की जवळजवळ चौदा. फेरे जितके घटतात तितका चाकाचा टॉर्क वाढतो. पहारीने धोंडा उचलताना हात वावभर खाली येतो आणि धोंडा बोटभर हलतो, तसंच हे. ताकद इंजिनात आहे तेवढीच. उलट थोडी चेन आणि बेअरिंगमध्ये जाते.

टॉपमध्ये पाचाचा हा आकडा 16 दात्यांनी 5.32 होतो, 18 नी 4.73. एका दात्याला सहा टक्के इकडेतिकडे. 18 टाकून वेग वाढतो हे कागदावर खरं. पण समोरून वारा, मागे डबलसीट, किरकोळ चढ, एवढ्यात या इंजिनाला टॉप ओढवत नाही आणि माणूस तिसऱ्यात येतो. केळघरच्या घाटात तर वळणागणिक गिअर पाडावा लागतो. दाते ठरवायचे ते रस्त्याच्या सगळ्यात अवघड तुकड्यावरून, असं माझं ठाम मत आहे. सपाटीला गाडी कशीही पळते.

बदल पुढेच करायचा, कारण मागचं स्प्रॉकेट ब्रेक ड्रमसकट एकाच ओतीव तुकड्यात येतं. पण पुढचंही सहज हाताशी लागत नाही. ते क्लचच्या मागे दडलेलं. डाव्या बाजूचं केस उघडा, ऑइल काढा, क्लच आणि प्रायमरी चेन उतरवा, मग ते दिसतं. एवढी खटपट एका दात्यासाठी, म्हणून आधी नीट विचार केलेला बरा.

मला स्वतःला 17 आवडतं, त्यामागे झिजेचंही कारण आहे. चेनच्या कड्या नेहमी सम संख्येत; एक आतली, एक बाहेरची. 16 च्या स्प्रॉकेटवर ठरावीक दात्याला कायम एकाच जातीची कडी भेटते. असं जुनं स्प्रॉकेट उजेडात धरा, एकाआड एक दाते जास्त खाल्लेले दिसतात. 17 वर दर फेऱ्याला जोडी बदलते.

तरीही घाटातल्या माणसाला मी 16 च देतो. चढाला गाडी दम धरते, आणि उतारावर तिसऱ्यात ठेवली की इंजिनच तिला आवरून धरतं, ड्रम तापत नाहीत. फक्त चेन धुऊन परत चढवताना मी ती एक कडी सरकवून बसवतो, म्हणजे झीज सगळ्या दात्यांना वाटली जाते.