कॉर्कीची बोली : घरी पाठवलेली दोन पत्रे

पत्र पहिले
सॅन डिएगो, कॅलिफोर्निया

सॅन डिएगो शहरात मिशन बे या खाडीच्या काठी ‘सी-वर्ल्ड’ हे सागरी उद्यान १९६४ साली, म्हणजे जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू झाली त्याच वर्षी उघडले, आणि पुढच्याच वर्षी तेथे आणलेल्या ‘शामू’ नावाच्या मादीमुळे ऑर्का हा प्राणी जगभर घरोघरी माहीत झाला. इंग्रजीत त्याला किलर व्हेल म्हणतात म्हणून मराठीतही त्याची गणना सर्रास देवमाशांत होते. प्राणिशास्त्राच्या वर्गीकरणात मात्र तो डॉल्फिनच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी असून फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो, आणि पूर्ण वाढलेल्या नराची लांबी आठ-नऊ मीटरपर्यंत जाते. टेकडीला माशाचा आकार आहे म्हणून अंबडची देवी मत्स्योदरी झाली असे मानणाऱ्या, पण समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या जालना जिल्ह्यातून येणाऱ्या माणसाला हे धूड दहा हातांवर पाण्याबाहेर उसळताना पाहून आधी भीती वाटते आणि मग डोळे भरून येतात, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे.

खेळाची रीत अशी की, प्रशिक्षक तळ्याच्या कडेला उभा राहून हाताने खूण करतो, ऑर्का ती पाहून बुडी मारतो, उसळतो किंवा शेपटीने पाणी उडवतो, आणि कृती बरोबर झाली त्या क्षणी प्रशिक्षक शिट्टी वाजवतो. उडी हवेत असताना मासा देता येत नाही. म्हणून ‘हेच हवे होते’ एवढे शिट्टीने कळवायचे आणि खाऊ नंतर बादलीतून द्यायचा, अशी ही शिकवण आहे. जवळून पाहिल्यावर एक गैरसमज दूर होतो. डोक्यावरचा पांढरा लांबट ठिपका म्हणजे डोळा असे दुरून वाटते, पण खरा डोळा त्या ठिपक्याच्या पुढे, किंचित खाली, काळ्या कातडीत काळाच लपलेला असतो आणि तो काठावरच्या माणसांकडे पाहत असतो. नराच्या पाठीवरचा उंच पर खुल्या समुद्रात बहुधा ताठ असतो. बंदिवासातल्या प्रौढ नरांचा मात्र तो एका बाजूला लवलेला दिसतो.

तळे सुमारे ३५ फूट, म्हणजे आपल्याकडच्या विहिरीच्या भाषेत जेमतेम सहा परस खोल आहे. खुल्या समुद्रात ऑर्का शंभर मीटरहून खोल जातात.

या तळ्यातली सर्वांत जुनी रहिवासी कॉर्की ही आहे. ११ डिसेंबर १९६९ रोजी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर पेंडर हार्बर येथे जाळी लावून तिचे कुटुंब अडवले गेले, तेव्हा ती चार-पाच वर्षांची होती. आधी लॉस एंजेलिसजवळच्या मरीनलँड उद्यानात आणि १९८७ पासून येथे, असा तिचा प्रवास झाला. १९७७ मध्ये तिला झालेले पिलू हे बंदिवासात जिवंत जन्मलेले पहिले ऑर्का पिलू होते. ते थोड्याच दिवसांत दगावले, आणि त्यानंतर ती अनेकदा गाभण राहूनही तिचे एकही पिलू दोन महिने जगले नाही. १९८९ मध्ये याच उद्यानात ऑर्किड नावाच्या लहान मादीची आई दुसऱ्या मादीशी झालेल्या झटापटीत मेली, तेव्हा त्या पोरक्या पिलाला कॉर्कीनेच आपल्याजवळ घेतले.

सी-वर्ल्डच्या फ्लोरिडातील शाखेत फेब्रुवारी २०१० मध्ये टिलिकम या नराने एका प्रशिक्षिकेचा जीव घेतल्यावर आणि २०१३ च्या ‘ब्लॅकफिश’ या माहितीपटानंतर लोकमत पालटले. २०१६ मध्ये कंपनीने ऑर्कांचे प्रजनन थांबवले, आणि सॅन डिएगोत २०१७ पासून जुन्या नाटकी खेळाच्या जागी माहितीपर कार्यक्रम होतो.

मुलांना असे काही कोकणात पाहायला मिळेल काय, या घरच्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणीला सी-वर्ल्ड उभारण्याचा बेत शासनाने आखला होता, आणि गावकऱ्यांनी जमिनीसाठी त्याला विरोध केला होता; पण डॉल्फिनकुळातील प्राण्यांचे खेळ करणारी केंद्रे भारतात उभारू द्यायची नाहीत, असे केंद्र सरकारने मे २०१३ मध्येच राज्यांना कळवले आहे. तो निर्णय योग्यच आहे.



पत्र दुसरे
टेलिग्राफ कोव्ह, व्हँकुव्हर बेट

कॉर्कीचे माहेर म्हणजे येथील जॉनस्टन सामुद्रधुनी. येथील एकेक ऑर्का पाठीवरच्या परामागच्या करड्या डागावरून आणि पराच्या कडेवरील खाचांवरून ओळखता येतो, हे मायकेल बिग या कॅनडियन संशोधकाने १९७० च्या दशकात छायाचित्रांनी दाखवून दिले. त्यामुळे वंशावळी लिहिता आल्या, आणि येथील मासेखाऊ ऑर्कांत मुलगे-मुली दोघेही जन्मभर आईच्या सोबत राहतात हे उघड झाले. पुढे जॉन फोर्ड यांनी प्रत्येक कुळाच्या हाकांचा संच वेगळा असतो हे सिद्ध केले. जाफराबादकडचा माणूस बोलू लागला की वऱ्हाडीची छटा जाणवते आणि मंठ्याकडचा परभणीच्या वळणाने बोलतो, तसेच हे आहे. पिले ही बोली आईजवळ राहून शिकतात.

रॉबसन बाइट येथे १९८२ पासून राखीव असलेल्या किनाऱ्यालगत उथळ पाण्यात गोदावरीच्या पात्रातल्यासारखे गुळगुळीत गोटे पसरलेले आहेत, आणि ऑर्का तेथे येऊन त्यांवर पोट घासतात. प्रवासी बोटींना आत जाण्यास मनाई असल्यामुळे हे दृश्य दुरूनच अनुभवावे लागते. धुक्यात आधी फक्त श्वासाचा मोठा फुत्कार ऐकू येतो, नंतर वाफेचा उभा फवारा दिसतो आणि मग काळा पर वर येतो. या पाण्यात कोणी शिट्टी वाजवत नाही.

समोरच्या हॅन्सन बेटावर १९७० पासून ‘ऑर्कालॅब’ हे अभ्यासकेंद्र हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणारी यंत्रे लावून रात्रंदिवस ऐकत आहे. कॉर्कीची आई स्ट्राइप २००० साली गेली. १९९२ मध्ये जन्मलेला आपला भाऊ कॉर्कीने कधी पाहिलेलाच नाही. तरीही पन्नासहून अधिक वर्षांनंतर सॅन डिएगोच्या तळ्यात कॉर्कीच्या तोंडून निघणाऱ्या हाका आईच्याच कुळाच्या बोलीतल्या आहेत. इतकी वर्षे हातचे मासे खाल्लेल्या जिवाला एकदम मोकळ्या समुद्रात सोडणे धोक्याचे ठरेल. म्हणून हॅन्सन बेटाच्याच डबल बे या लहान आखाताला जाळीचे कुंपण घालून तिला उतारवयात तेथे सांभाळावे, असा प्रस्ताव तिच्या पाठिराख्यांनी मांडला आहे, आणि तो लवकर मान्य व्हावा. उन्हाळ्यात सॅमन माशांमागे तिचे कुळ याच पाण्यातून जाते, आणि त्याची हाक पाण्याखालून त्या आखातापर्यंत पोहोचू शकते.