रणगाड्याचं झाकण कुठाय?

बावधनमध्ये रणगाडा? येस बॉस! आमच्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, भाच्याच्या टेबलावर उभा आहे. प्लॅस्टिकचा, अंगभर तोफा लावलेला. हजारो वर्षांनंतरचं कुठलंसं युद्ध, आणि तेव्हाही माणसं खंदकातच लढतायत म्हणे! "मामा, हा काहीही चिरडू शकतो," इति भाचा.

खालच्या मजल्यावरचे काका १९७१च्या लढाईत रणगाड्यावर होते. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "मस्त आहे रे. पण बाहेर पडायचं झाकण कुठाय?" भाच्याला काही सापडेना.

मग काय, वीकेंडचा प्लॅन ठरला. अहिल्यानगर, म्हणजे आपलं नगर. १९९४मध्ये सुरू झालेलं तिथलं रणगाडा संग्रहालय.

तसं बघितलं तर आम्ही बावधनकर रणगाड्यांच्या शेजारातच राहतो. पाषाणकडे गेलं की एआरडीई, 'अर्जुन'ची १२० मिमी तोफ तिथलीच. चांदणी चौकातून पलीकडे गेलं की एनडीए. रोज हिंजवडी गाठायच्या घाईत हे लक्षातच येत नाही.

तीन-साडेतीन तासांत नगर. मोकळ्या आवारात पन्नासेक गाड्या ओळीने उभ्या. १९६५मध्ये पकडलेले पॅटन, जपानी रणगाडे, आपला विजयंता... भाचा नुसता धावत सुटला आणि थांबला तो ब्रिटिश 'चर्चिल'पाशी. जवळपास ४० टन, पुढचं चिलखत १५२ मिमी. "मामा, सेम माझ्यासारखा!"

पोरगं चुकलं नव्हतं. १९३९मध्ये ब्रिटिशांना वाटलं, हे युद्धही पहिल्यासारखंच खंदकांत अडकणार. म्हणून खड्डे-खंदक ओलांडणारा जड, संथ रणगाडा आखायला घेतला. त्यातूनच पुढे चर्चिल आला. युद्ध मात्र वेगळंच निघालं. पण टेकड्या चढण्यात हा पठ्ठ्या भारी ठरला!

रणगाड्याचा जन्मही खंदकांमुळेच. १५ सप्टेंबर १९१६, फ्रान्समधली सोमची लढाई. गुपित फुटू नये म्हणून त्याला पाण्याची टाकी म्हणायचे, म्हणून 'टँक'. आणि हा शब्द इंग्रजीत आपल्याकडच्या 'टाक्या'वरून गेला, असं काही कोशकार मानतात. गडावरचं टाकं आठवा आणि कॉलर ताठ करा!

काका मात्र सेंच्युरियनपाशी थांबले होते. उन्हाने तापलेल्या पत्र्यावर हात ठेवून.

"आत चौघं असायचो. बाहेरचं दिसायचं ते एवढ्याशा फटीतून. वास पेट्रोलचा, दारूगोळ्याचा आणि घामाचा."

"भीती वाटायची, आजोबा?"

"रोज."

मग त्यांनी अरुण खेत्रपालची गोष्ट सांगितली. १६ डिसेंबर १९७१, बसंतरची लढाई. पूना हॉर्सचा २१ वर्षांचा सेकंड लेफ्टनंट. त्याच्या सेंच्युरियनचं नाव 'फॅमागुस्ता'. गोळा लागून रणगाडा पेटला, बाहेर पडायचा हुकूम आला. तोफ चालत होती, म्हणून तो लढत राहिला. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. एनडीएच्या परेड ग्राउंडला त्याचंच नाव आहे.

भाचा बराच वेळ गप्प. मग हळूच, "त्याच्या टँकला झाकण नव्हतं?"

"होतं की," काका म्हणाले. "तो उतरला नाही."

परतीच्या वाटेवर गाडीत कुणी गाणी लावली नाहीत.

तुम्हीही जाऊन याच. लष्कराची जागा आहे, तेव्हा ओळखपत्र जवळ ठेवा आणि वेळा आधी विचारून घ्या. आणि हो, घरातल्या नाहीतर शेजारच्या एखाद्या फौजी काकांना सोबत घ्या. पाटीवर वजन, वेग, तोफ सगळं लिहिलेलं असतं. बाकीचं त्यांच्याकडे असतं.

काल भाच्याच्या टेबलावर नजर गेली. त्याने रणगाड्याच्या माथ्यावर ब्लेडने छोटं चौकोनी झाकण कापलंय. उघडझाप होणारं.