गुंगी येऊ शकते

झोप आणि जाग यांच्या मधल्या प्रदेशासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. पेंग बसल्या जागी येते, झापड डोळ्यांवर येते, ग्लानी आजाऱ्याला येते, आणि गुंगी बहुधा कशाने तरी आणलेली असते. शासकीय मराठीला मात्र एवढ्या छटा परवडत नाहीत. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 यांत मादक पेये आणि अमली पदार्थ आहेत, त्यांच्या अमलाखाली कामावर असू नये हेही आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेली आणि तरीही डोके जड करणारी साधी गोळी या भाषेत कोठे बसवायची, हे आम्हाला त्या नियमांतून उमगले नाही.

हा प्रश्न आम्हाला पडला तो आमच्या वहिनींमुळे. नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर, तोंडी अजून नगरच) एका ग्रामीण रुग्णालयात त्या अधिपरिचारिका होत्या. पावसाळ्यात त्यांच्या अंगावर पित्त उठे. गांधी उठल्या की डॉक्टर ॲव्हिल लिहून देत आणि वहिनी ती घेऊन रात्रपाळीला जात. न घ्यावी तर खाजेने हात जागेवर राहत नाहीत, आणि खाजणाऱ्या हाताने शीर कशी शोधायची? घ्यावी तर काय होते, हे त्यांनी एकदा फार नेमके सांगितले होते: ‘भाऊजी, झोप नाही येत. डोक्यात कापूस भरल्यासारखं होतं. ऐकू सगळं येतं, पण उशिरा येतं.’

या वर्णनाला आम्ही वाङ्मयीन दाद दिली खरी, पण त्यात औषधशास्त्रही आहे. ॲव्हिलसारखी जुन्या पिढीची पित्तशामके मेंदूत शिरतात. प्रतिसाद मंदावण्यासाठी माणसाला झोप यावीच लागते असे नाही. आपण मंद झालो आहोत हे त्यालाच नीट कळत नाही, आणि रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल कधी कधी सकाळपर्यंत उरतो. या औषधांसोबत इशारा असतो, तो वाहन चालवू नये, यंत्र चालवू नये असा. त्यात परिचारिकेचे नाव नाही. ती ना वाहन चालवते ना यंत्र, असे इशारा लिहिणाऱ्यास वाटले असावे.

ती काय चालवते ते पाहू. आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतांत मिळते, एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट किंवा 100 युनिट. सिरिंजही त्याप्रमाणे दोन: 40 ची लाल टोपणाची, 100 ची केशरी. शंभराच्या कुपीतले औषध चाळीसच्या सिरिंजने त्याच आकड्याच्या रेघेपर्यंत ओढले की रुग्णाला अडीचपट मात्रा जाते. लाल आणि केशरी. पहाटे चारच्या ट्यूबलाइटखाली, कापूस भरलेल्या डोक्याने, हा फरक ओळखायचा असतो. वहिनी गोळी घेतलेल्या रात्री भरलेली सिरिंज सोबतच्या ब्रदरला दाखवत आणि आकडा मोठ्याने म्हणायला लावत. कारण सांगत नसत. ‘चष्मा बदलायला झालाय’ एवढेच म्हणत. पाळीवर त्या एकट्याच असत तेव्हा काय करीत, ते आम्ही विचारले नाही.

वॉर्डात औषधांची मोजदाद नसते असे कोण म्हणेल? मॉर्फिन, पेथिडीन दुहेरी कुलपात असतात. रिकामी ॲम्प्यूल परत द्यावी लागते, वहीत सही होते. 2014 पासून शेड्यूल एच-1 लागू झाले आणि अल्प्राझोलम, झोल्पिडेम, ट्रामाडोल अशी औषधे विकताना दुकानदारालाही वेगळी नोंदवही ठेवावी लागते, तीन वर्षे जपावी लागते. म्हणजे गोळी कपाटात असताना तिच्यावर पहारा आहे, दुकानात असताना आहे. ती कंबरदुखीसाठी किंवा दिवसा झोप लागत नाही म्हणून परिचारिकेच्या पोटात गेली की नोंद संपली.

या व्यवसायाच्या आद्यपुरुष (व्याकरणाने येथे आम्हाला पेचात टाकले आहे) फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाहून 1856 मध्ये परतल्या त्या आजारी होऊन, आणि पुढची कित्येक वर्षे त्यांनी बहुतेक काम अंथरुणातून केले. हिंदुस्थानात कधीही पाऊल न ठेवता येथल्या आरोग्यव्यवस्थेवर त्यांनी लिहिले तेही तसेच. 1860 च्या दशकात त्यांनी पाठीच्या दुखण्यासाठी त्वचेखाली अफूचे इंजेक्शन घेतले आणि एका पत्रात, याने चोवीस तास आराम पडतो पण बुद्धीला काही तरतरी येत नाही, अशा अर्थाचे लिहून ठेवले. आम्हाला या वाक्याचा हेवा वाटतो. असे लिहिता येण्यासाठी अफूइतकेच अंथरुण लागते, आणि आज आपली बुद्धी मंद आहे असे म्हटल्यावर कोणी जाब विचारणार नाही याची खात्री लागते.

नगरच्या परिचारिकांना ती खात्री कशी असावी? 6 नोव्हेंबर 2021 रोजी, भाऊबीजेच्या दिवशी, नगरच्या जिल्हा रुग्णालयातील कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली; त्या दिवशी 11 रुग्ण दगावले. काही दिवसांतच एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका यांना अटक झाली. त्या घटनेशी आमच्या विषयातल्या गोळ्यांचा संबंध आम्ही जोडत नाही. तसा जोडणे अन्यायाचे होईल. परिचारिकांच्या संघटनांनी अटकेचा निषेध केला. दोष कोणाचा हे न्यायालयाचे काम. आमचे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे आहे. काही विपरीत घडले की परिचारिका त्या वेळी कोठे होती, काय करीत होती हे सर्वांत आधी विचारले जाते, हे जिल्ह्यातल्या प्रत्येक वॉर्डाने पाहिले. त्यानंतर कोणती सिस्टर आपल्या इन्चार्जना सांगेल, की मी आज गोळी घेतली आहे, इंजेक्शनांची पाळी दुसऱ्या कोणाला द्या? आणि सांगितलेच, तर ते दुसरे कोणी आणायचे कोठून? एका पाळीवर दोघीच असतात, कधी एकच. रजा मागावी तर ती दुसरीच्या माथी पडते, आणि तिचीही कंबर दुखतच असते.

म्हणून नुसत्या बंदीच्या नियमाला आमचा विरोध आहे. अशा नियमाने गोळी सुटणार नाही, ती पर्समध्ये आणखी खोल जाईल. न सांगण्याची किंमत आज रुग्ण मोजतो, सांगण्याची परिचारिका मोजते. दुसरी किंमत कमी झाल्याखेरीज पहिली कमी होईल असे आम्हाला दिसत नाही. इन्चार्जांनी ड्यूटीलिस्टवर त्या रात्रीपुरते कामाचे खांदेपालट करावे आणि त्याची गोपनीय अहवालात नोंद होऊ नये, इतक्यानेही पुष्कळ साधेल. पण खांदेपालटाला निदान दोन खांदे हवेत, आणि रिक्त पदांचा प्रश्न येथे पुन्हा दारात उभा राहतो.

पाळी बदलताना परिचारिका एकमेकींना ‘ओव्हर’ देतात. खाटेमागून खाट: ताप किती, सलाइन कितवे, लघवी झाली का, रात्री कोण किती वेळा उठले. वहिनींनी आयुष्यात किती ओव्हर दिल्या असतील याचा हिशेब एकदा आम्ही दोघांनी मिळून मांडायला घेतला होता. दहा हजारांच्या पुढे गेल्यावर त्यांनीच थांबवला आणि पित्ताची गोळी शोधायला उठल्या.