तंगूस, गरी आणि ओळखीचे दुकान

कोकण किनाऱ्यावरील आमच्या मोहल्ल्यांत मासेमारीच्या सामानाचे दुकान म्हणजे फार मोठा थाट नसतो. एक लहानसा गाळा, भिंतीवर टांगलेली तंगुसाची बंडले, बरण्यांत नंबरानुसार ठेवलेल्या गऱ्या, शिशाची वजने, बोये, एखादा पाग आणि अलीकडे चार-सहा रॉड व रिळे. मुंबईच्या घाऊक बाजारातून माल आणायचा आणि थोड्या नफ्यावर विकायचा, यावर कित्येक घरांची रोजी चालत आली. आता यांतील काही दुकानांची शटरे कायमची खाली येऊ लागली आहेत.

कारण सर्वांना ठाऊक आहे. मोबाईलवर तोच रॉड स्वस्त दिसतो. ऑनलाईनचा मोठा विक्रेता घाऊक माल उचलतो. त्याला बाजारातील गाळ्याचे भाडे नाही, उधारीची वही नाही. आमच्या ओळखीचे एक दुकानदार चाचा म्हणतात, "मुले येतात, रॉड वाकवून पाहतात, फोटो काढतात आणि घरी जाऊन मागवतात. दाखवायचे काम माझे, गल्ला दुसऱ्याचा."

केवळ ग्राहकाला दोष देऊन भागणार नाही. कष्टाच्या घरात शंभर-दोनशे रुपये वाचणे ही लहान गोष्ट नव्हे. पण दुकानात आपण पैसे कशाकशाचे देतो, याचाही हिशेब व्हायला हवा.

गरीचेच पाहा. १० नंबरची गरी ४ नंबरच्या गरीपेक्षा लहान असते. १ नंबरच्या पुढे मात्र १/०, २/०, ५/० असे उलटे चढत जाते. नवखा मुलगा नंबर मोठा म्हणून गरी मोठी समजतो आणि हाती येते ती नखाएवढी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची ओढ जोराची असते, तेव्हा शिसे जड लागते. अष्टमीच्या सुमारास भांगाच्या पाण्यात हलके चालते. खडकात गरवायचे असेल तर तंगूस जाड हवा. उन्हात पडलेला तंगूस कमजोर होतो. खाऱ्या पाण्यातून आणलेले रीळ गोड्या पाण्याने धुवावे लागते. हे सारे चाचा सामान बांधता बांधता सांगतात. या सल्ल्याची किंमत कोणत्याही बिलात लिहिलेली नसते.

दुसरी गोष्ट उधारीची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. याच दिवसांत जाळी दुरुस्त करायची असतात आणि याच दिवसांत घरात पैसा नसतो. अशा वेळी दुकानदार केवळ जबानीवर, बिनव्याजी माल देतो. ऑगस्टमध्ये होड्या पाण्यात उतरल्या की वही हळूहळू फेडली जाते. ऑनलाईन हप्ते मिळतात, पण त्यासाठी कार्ड लागते, कागदपत्रे लागतात. ज्याच्याकडे ती नाहीत त्या खलाशाने कुठे जावे?

तिसरी गोष्ट आम्हा शिक्षकांना वर्गात दिसते. दुकान बंद पडले की घरातील मुलाचे डोळे दहावीनंतर मुंबईकडे किंवा आखाताकडे लागतात. बापाने आयुष्यभर कमावलेली माहिती मग पुढे कोणी घेत नाही.

दुकानदारांनीही बदलायला हवे. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाईन विक्रेत्याला मालाची किंमत, तो कोणत्या देशाचा आहे आणि परतीच्या अटी आधी दाखवाव्या लागतात. आपल्या दुकानातही किमतीची चिठ्ठी लावावी, पक्के बिल द्यावे, खराब माल कपाळाला आठ्या न घालता बदलून द्यावा. नवीन मालाचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवणे अवघड नाही. चार दुकानदारांनी मिळून एकत्र माल मागवला तर भावही थोडा उतरेल. रिळाची दुरुस्ती तर ऑनलाईनवाला घरी येऊन करणार नाही. ते काम हातचे सोडू नये.

आणि आपण? सगळेच सामान दुकानातून घ्या, असा आग्रह आम्ही धरणार नाही. जी वस्तू गावात मिळतच नाही ती जरूर मागवावी. मात्र ज्याच्याकडून सल्ला घेतला, ज्याचा वेळ घेतला, त्याच्याकडूनच खरेदी करावी, एवढी इमानदारी तर आपल्या हातात आहे. पुढल्या खेपेला मुलाला गरी हवी असेल तर त्याच्या हातात पैसे द्या आणि त्याला दुकानात पाठवा. गरीबरोबर तो आणखी काहीतरी शिकून येईल.